नावाड्याच्या धड्याचा शेवट

डिंककाकांनी उभ्या जन्मात डिंक वापरला नव्हता. पुस्तक बांधायला लागते ती मैद्याची खळ. मंद आचेवर शिजवलेली आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. डिंकानं कागद कडक होतो आणि वर्षभरात तडकतो. हे त्यांनी शाळेतल्या पोरांना निदान दहा वेळा समजावलं असेल. पण पोरांनी एकदा नाव ठेवलं की ते ब्रह्मदेवाच्या बापालाही पुसता येत नाही. तेव्हा डिंककाका ते डिंककाकाच राहिले, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. बाकी सगळा गाव त्यांना नुसतं 'बाइंडर' म्हणायचा. काका म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

दुकान म्हणजे गल्लीच्या टोकाची एक खोली. पुढं काम, मागं फळीच्या आडोशाला स्टोव्ह आणि खाट. दारातून आत आलं की उजव्या हाताला लोखंडी शिकंजा, शिवलेली पुस्तकं दाबून ठेवायचा. भिंतीवर खिळ्याला दोऱ्याच्या लडी, कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या कातरणांचा ढीग. बसायला दोन स्टुलं. उंच होतं ते काकांचं. बुटकं होतं ते घड्या घालणाऱ्याचं. पूर्वी छापखान्यातून मोठाले कागद यायचे. बुटक्या स्टुलावर बसून ते लाकडी पट्टीनं दुमडायचे, मग काकांनी शिवायचे, अशी रीत होती. पुढं छापखान्यांनीच यंत्रं आणली आणि घड्यांचं काम संपलं. बुटक्या स्टुलावर आता कोणी बसत नसे. पण एवढ्याशा खोलीत पाय ठेवायला जागा नसतानाही काकांनी त्यावर कधी साधी खळीची वाटीसुद्धा ठेवली नाही.

त्या स्टुलावर बसायची ती त्यांची मुलगी. सातवीत होती तेव्हा आई अंथरुणाला खिळली. काका मुलीला म्हणाले, "दोन महिन्यांपुरतं घरी राहा. आईचं बघ, माझ्या हाताखाली थोड्या घड्या घाल. मग जा परत शाळेत." आई काही उठली नाही. ती गेली आणि दोन महिन्यांची चार वर्षं झाली. शाळेचं नाव आधी मुलगी काढायची, मग तिनंही सोडलं. मात्र घड्या घालता घालता ती कागदावरचं वाचायची. उलटसुलट छापलेलं, मान वाकडी करून वाचायची. कामाला उशीर व्हायचा. एका दुपारी असाच क्रमिक पुस्तकांचा गठ्ठा आला होता, उद्या द्यायचा होता, आणि काकांनी तिच्या हातातला कागद हिसकावून सांगितलं, "घड्या घाल, वाचू नको."

बोलणारा बोलून जातो, ऐकणाऱ्याच्या ते काळजात राहतं. तिनं त्या दिवशीचा सगळा गठ्ठा दुमडून संपवला, एकही घडी तिरकी नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याची पेटी घेऊन निघून गेली. सतरा वर्षांची होती. दुसऱ्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात लागली, असं महिन्याभरानं पत्र आलं. वर्षानं दुसरं आलं: 'बाबा, कामावरून सुटल्यावर वर्गाला जाते. सातवीची परीक्षा पास झाले. एक ओळ तरी लिहा.'

काकांनी लिहिली नाही. आधी रागानं लिहिली नाही. मग राग ओसरला तेव्हा लाजेनं. आणि लाज एकदा मुरली की ती रागापेक्षा चिवट. तिनंच यावं, आली की आपण काही विचारणार नाही, मुकाट्यानं पान वाढू, असं ते मनाशी म्हणत राहिले. या म्हणण्यात चौदा वर्षं गेली.

दिवसाकाठी माणसाच्या तोंडचे दहा शब्द कानावर पडले तर पुष्कळ, असे दिवस होते. काका पुस्तकांशी बोलत. "कुणी केले रे तुझे हे हाल?" असं एखाद्या फाटक्या रजिस्टराला विचारत. रजिस्टर कधी उलट बोललं नाही.

आठ वर्षांपूर्वी मोठ्या बाई दारात आल्या. मोठ्या बाई म्हणजे वस्तीतल्या धर्मादाय शाळेच्या मुख्याध्यापिका. अंगानं चिमणीएवढ्या, पण शाळेत त्यांच्याहून मोठं कोणी नाही म्हणून मोठ्या. शाळा पत्र्याच्या तीन खोल्यांची. ती चालवायची एक संस्था, आणि संस्थेला मदत यायची दूरदेशीच्या लोकांकडून, ज्यांचं तोंड इथं कुणी पाहिलं नव्हतं. माणसं भली, यात शंका नाही. फळे त्यांनी दिले, बाकं दिली, दुपारचं जेवण चालू केलं. एकदा त्यांनी खोकंभर लोकरीचे हातमोजे पाठवले. इथं उकाड्यानं जीव जातो. मुलांनी ते फळा पुसायला घेतले आणि आभाराचं पत्र मात्र झकास लिहिलं. पण क्रमिक पुस्तकं तिकडून येणं शक्य नव्हतं. ती यायची दुसऱ्या शाळांनी वापरून टाकलेली, पोत्यात कोंबून, पाठ मोडलेली, पानं लोंबणारी.

"यातली काही वाचतील का हो?" बाईंनी विचारलं. "आणि मजुरीचं..."

"पोतं ठेवा तिथं," काका म्हणाले. मजुरीचा विषय त्यांनी असा काही नजरेनं बंद केला की तो पुन्हा निघाला नाही.

तेव्हापासून दर सुट्टीत शाळेचा शिपाई ढकलगाडीवर पोती घेऊन यायचा. काका एकेक पुस्तक सोडवत, जुना दोरा काढत, फाटक्या कडांना पातळ कागदाची पट्टी लावत, पुन्हा शिवत. पान गहाळ असेल तर दुसऱ्या प्रतीवरून हातानं उतरवत. ओळी आखून, छापल्यासारखं अक्षर, जिथं छापलेली ओळ तुटते तिथंच ओळ तोडायची, खाली पृष्ठाचा आकडासुद्धा घालायचा. शाळा उघडली की मुलं पुस्तकं न्यायला स्वतः येत. त्या दिवशी गल्लीत रांग लागे. "डिंककाका, माझ्या पुस्तकात तुमची किती पानं?" असं मुलं विचारत. ज्याच्या पुस्तकात काकांची पानं जास्त, त्याची वर्गात ऐट. त्या एका दिवसाच्या आवाजावर काका वर्ष काढत.

आता मूळ गोष्ट. सहा वर्षांपूर्वी सातवीच्या वाचनमालेच्या अकरा प्रती आल्या आणि अकराच्या अकरा प्रतींना शेवटचं पान नव्हतं. यात नवल काही नाही. पुस्तकाचं शेवटचं पान म्हणजे दाराचं पायपुसणं, झीज सगळी तिथंच. पण या वेळी उतरवून घ्यायला एकही धड प्रत नव्हती. शेवटचा धडा होता 'नावाडी'. नदीवरचा एक नावाडी, त्याची एकुलती मुलगी. मुलगी शिकायला शहरात जाते. तेही त्याच नदीच्या काठी, दोन दिवसांच्या वाटेवर. नावाडी रोज संध्याकाळी काठावर बसतो. इकडं नदीवर पूल बांधायला सुरुवात होते, लोक म्हणतात आता तुझ्या होडीला कोण विचारणार... आणि इथं पान संपायचं. पुढं काय, ते फाटून गेलं होतं.

काकांनी रद्दीची दुकानं पालथी घातली. मिळालं नाही. शाळा दोन दिवसांवर आली. तेव्हा एका दुपारी त्यांनी कागद आखला आणि धड्याचा शेवट मनानंच लिहून टाकला. 'पूल झाला, पण नावाड्याने होडी विकली नाही. तो म्हणाला, माझी मुलगी येईल तेव्हा तिला आणायला होडी लागेल. एका संध्याकाळी पलीकडच्या काठावरून हाक आली, बाबा! पत्र्याची पेटी घेऊन मुलगी उभी होती. नावाड्याने काही विचारले नाही. त्याने होडी सोडली.' अकरा पुस्तकं, अकरा पानं. खरं पान मिळालं की बदलू, हे तात्पुरतं, असं त्यांनी ठरवलं. तात्पुरती बसवलेली गोष्टच सगळ्यात जास्त टिकते, हे बाइंडरला तरी ठाऊक असायला हवं होतं.

खरं पान मिळालं दोन वर्षांनी, दुसऱ्याच एका पोत्यात. काकांनी उभ्याउभ्याच वाचलं. पूल होतो, होडीला गिऱ्हाईक राहत नाही, नावाडी होडी लाकडाच्या भावानं विकतो आणि पुलावर पहारेकरी म्हणून लागतो. काळाबरोबर माणसाने बदलावे, संपला धडा. मुलगी? मुलीचं नावसुद्धा नाही. शहरात पाठवली आणि लिहिणारा गृहस्थ तिला तिथंच विसरला! काकांचं डोकं फिरलं. असलं पान ते पुस्तकात घालणार नव्हते. पण बाइंडर कागद फेकतही नाही. त्यांनी ते आपल्या कामाच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं, वर दुसरा कागद लावला, आणि वही शिकंज्यात दाबली.

पुढची चार वर्षंही कुणाला पत्ता लागला नाही. मोठ्या बाई स्वतः सातवीला शिकवत, पण त्यांच्या लहानपणी पुस्तक वेगळं होतं. जिल्ह्याच्या परीक्षेत त्या धड्यावर प्रश्न यायचा तो नदीच्या वर्णनावर. यंदा मात्र आला: 'नावाडी होडी का विकतो?' पाच गुण.

निकालानंतरच्या आठवड्यात मोठ्या बाई दुकानात आल्या. सोबत एक मुलगी, दोन घट्ट वेण्या, डोळे रडून सुजलेले. तिला शाळेत सगळे 'शंकेखोर' म्हणत, कारण ती प्रत्येक गोष्टीला 'का' विचारून बाईंना भंडावून सोडायची.

"काका, काय सांगू तुम्हाला," बाई स्टुलाकडं वळल्या, पण बुटकं स्टूल पाहून का कोण जाणे उभ्याच राहिल्या. "ही पोरगी निवासी शाळेसाठी चार गुणांनी राहिली. चार! आमच्या शाळेतून आजवर एकालाही तिथं जागा मिळालेली नाही. आणि पाच गुण गेले ते नावाडीच्या धड्यात. तपासणाऱ्यानं लिहिलंय, 'उत्तराचा धड्याशी संबंध नाही.' वर्गातल्या सगळ्यांना शून्य."

"मी लिहिलं, नावाडी होडी विकतच नाही," मुलगी म्हणाली. "पुस्तकात तसंच आहे. मग चूक का?"

"परीक्षा कार्यालयातल्या साहेबांना भेटले," बाई म्हणाल्या. "ते म्हणाले, जुन्या आवृत्तीत शेवट वेगळा असेल तर मूळ पुस्तक आणून दाखवा, गुण देतो. पंधरा दिवसांची मुदत आहे. काका, तुम्ही ते पान कुठल्या पुस्तकावरून उतरवलं होतं?"

इथं काकांनी खरं सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण खरं सांगितलं की पोती बंद, रांग बंद, काका म्हणणारं तोंड बंद. एवढं सगळं त्या एका क्षणात त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्यांनी म्हटलं, "जुनी आवृत्ती होती. कुणाची तरी आणलेली. आता कुठं असेल, सांगता यायचं नाही."

"असली म्हणजे झालं!" बाईंचा चेहरा उजळला. "शोधते मी." आणि दारातून निघताना त्यांनी काकांना हात जोडले. ते हात जोडणं काकांना थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

पुढचे दहा दिवस काकांनी काय काम केलं विचाराल तर शिवलेलं पुन्हा उसवलं. जे पुस्तक कधी छापलंच गेलं नाही ते शोधत ती चिमणीएवढी बाई गावोगाव फिरत होती, आणि तिला या शोधाला लावणारे हे इथं सुखरूप बसले होते. चोराच्या मनात चांदणं. गल्लीत पावलं वाजली की काका दचकत.

अकराव्या दिवशी शिपाई आला, रिकाम्या हातानं, नुसताच टेकायला.

"बाई आज तिसऱ्या गावाला गेल्यात," तो म्हणाला. "पाय सुजलेत, पण ऐकतील तर शपथ. आणि ती शंकेखोर यायचीच बंद झाली शाळेत."

"का?"

"आई आजारी आहे तिची. चार घरची धुणीभांडी आता ही करते. मी म्हटलं, अगं, शाळेचं काय? तर म्हणते, दोन महिन्यांपुरतंच."

काकांच्या हातातलं दाभण तळहातात गेलं. रक्त आलं. "अहो, अहो, लागलं की!" शिपाई उठला. काकांनी त्याला हातानंच जा म्हटलं.

दोन महिन्यांपुरतं. तेच शब्द, तीच यत्ता. एका मुलीचं पुस्तक त्यांनी एकदा हातानं ओढून घेतलं होतं. आता दुसरीचं घेत होते, न बोलून. त्यांनी कामाची वही काढली, ओल्या फडक्यानं पुठ्ठ्याचा आतला कागद भिजवला, आणि पातळ पातीनं सावकाश सोडवायला बसले. खळ स्वतःच्या हातची, चांगली धरलेली. पान निघायला संध्याकाळ झाली. पण अक्षर एक गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत गेले. आठ वर्षांत पहिल्यांदाच. मोठ्या बाई पाय पाण्यात घालून बसल्या होत्या.

"बाई, ते पुस्तक मिळणार नाही," काका दारातूनच म्हणाले. "तसं पुस्तक नाहीच. शेवट मी लिहिलाय. मनानं. आणि खरं पान हे."

बाईंनी ओलसर पान वाचलं. मग ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटी म्हणाल्या, "तीन गावं हिंडले मी, काका."

"हो."

"चला," त्यांनी पाय पुसले. "मुदत परवा संपते."

परीक्षा कार्यालयात कपाटं ठासून भरलेली, रजिस्टरांच्या पाठी फाटलेल्या, दोरे लोंबलेले. दुसरी वेळ असती तर काकांचे हात शिवशिवले असते. साहेब वयानं तरुण, पण बोलणं फायलीसारखं. बाईंनी अकरा पुस्तकं टेबलावर मांडली. शंकेखोरला बोलावून घेतलं होतं. ती भांडी घासून ओलेच हात घेऊन आली होती.

"पुस्तकाची चूक मुलीच्या माथी मारता येणार नाही, हे मान्य," साहेब म्हणाले. "पण ही पानं निकालानंतर घातलेली नाहीत कशावरून?"

"पानं बघा ना, साहेब," बाई म्हणाल्या. "सहा वर्षांची बोटं उमटलीत त्यावर."

ते खरंच होतं. कडा मळून काळ्या झालेल्या, समासात पेन्सिलीनं काढलेल्या होड्या, एका पानावर तर कुणीतरी नावाड्याच्या मुलीचं चित्र काढून तिला चष्मा लावला होता. साहेबांनी सगळी पानं उलटली. मग कोरा कागद काकांपुढं सरकवला.

"शेवटच्या चार ओळी लिहा. माझ्यासमोर. खाली लिहा, की हे मी मनाने रचले."

काकांनी लिहायला घेतलं. 'एका संध्याकाळी पलीकडच्या काठावरून हाक आली, बाबा!' सहा वर्षांपूर्वी लिहिताना दार लोटलेलं होतं, बघणारं कुणी नव्हतं. आता तिघं जण त्यांच्या बोटांकडं बघत होते. अक्षर तेच आलं, टिंबापर्यंत.

"खरं पान मिळाल्यावर बदललं का नाही?" साहेबांनी विचारलं.

"त्यात मुलगी नाही, साहेब," काका म्हणाले. "तिला पाठवून दिली आणि पुढं कुणी तिची चौकशीसुद्धा करत नाही. ते पान माझ्या हातानं शिववेना."

साहेबांनी वर पाहिलं. यावर कुठल्या नियमात काही लिहिलेलं नसावं. त्यांनी खरं पान शंकेखोरला वाचायला दिलं आणि तोच प्रश्न तोंडी विचारला. तिनं एकदा वाचून घडाघडा उत्तर दिलं. पाचपैकी पाच. निवासी शाळेत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. आईच्या औषधाचं बाईंनी संस्थेला लिहायचं कबूल केलं. मुलगी बाहेर येऊन भिंतीशी उभी राहिली आणि पुन्हा रडली. आधीचं राहिलेलं रडणं होतं ते.

परतीच्या वाटेवर बाई म्हणाल्या, "संस्थेला कळवावं लागेल. आता ते छापील पुस्तकंच द्यायचं म्हणतील." थोडं चालून म्हणाल्या, "माझा राग गेलेला नाही. पण तुम्ही आलात, हे मी विसरणार नाही."

"हो," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आठवड्यानं शिपाई शेवटचं काम घेऊन आला. तीच अकरा पुस्तकं आणि खऱ्या पानाच्या अकरा झेरॉक्स. जुनी पानं काढायची, ही घालायची. काकांनी शिवण उसवायला घेतली. एक पान निघालं, दुसरं निघालं. मुलगी अकरा वेळा आली होती, आता अकरा वेळा जायची होती.

सहावं पान काढत होते तेव्हा शंकेखोर आली. उद्या जायचं होतं तिला. बाईंनी निरोप घेऊन ये म्हणून पाठवलं होतं. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि सरळ बुटक्या स्टुलावर बसली. काकांनी हातातली पाती खाली ठेवली.

"काका, एक विचारू?"

"तू विचारल्यावाचून राहणार आहेस थोडीच."

"तुमच्या पानातली ती मुलगी. ती खरंच आली का?"

साधं 'गोष्ट आहे ती' म्हणून भागलं असतं. पण खोटं बोलून झालं होतं त्यांचं.

"नाही आली," काका म्हणाले. चौदा वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पुस्तकांनासुद्धा नाही.

मुलीनं काढलेल्या पानांपैकी एक मांडीवर घेतलं, वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या. "मला ना, हे कधी कळलंच नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, पुढं वाच. पहिल्या पानावर लिहिलंय की शहर त्याच नदीवर आहे. दोन दिवसांच्या वाटेवर."

"बरं मग?"

"मग हा नुसता काठावर का बसून राहतो? होडी तर याच्याकडंच आहे ना. हाच का नाही गेला?"

काका उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिले. मग मुलगी, आई वाट बघत असेल म्हणून, उठली, पाया पडू का विचारलं, काकांनी नको म्हटलं, तरी पडली, आणि गेली. गल्लीच्या वळणापर्यंत तिच्या चपलांचा आवाज येत होता.

काकांनी उरलेली पानं काढली. नवी पानं शिवली, अकरा पुस्तकं शिकंज्यात दाबली. सुट्टीत आता पोती येणार नव्हती आणि गल्लीत रांगही लागणार नव्हती. काढलेली पानं अस्तराला चालली असती. मागून कोरीच होती. त्यांतलं एक त्यांनी उलटं करून पुढ्यात घेतलं. ओळी आखल्या नाहीत. 'चि. बाळीस,' एवढं लिहिलं आणि हात अडला. पुढं बऱ्याच वेळानं लिहिलं, 'तू पास झाल्याचे पत्र पोचले होते. मी उत्तर दिले नाही, ही चूक माझी. तू वाचत होतीस, मी वाचू दिले नाही, तीही माझीच. तू यावेस असे म्हणत नाही. तू हो म्हणालीस तर मी येतो.'

चौदा वर्षांपूर्वीचा पत्ता. ती तिथं असेल की नाही, देव जाणे. तो पाकिटावर घालण्यासाठी पेटीतून तिची जुनी पत्रं काढायला ते उठले, आणि अर्ध्या वाटेतून मागं फिरले. पत्ता त्यांना तोंडपाठ होता.